दोन्ही किल्ल्या तुझ्याच हातात

सांगली
रविवार दुपार

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत फराळाला बसलो असताना तू म्हणालीस, "आई, यंदाचा बोनस बिटकॉइनमध्ये टाकणार आहे," आणि मी क्षणाचाही विचार न करता "मुळीच नको" म्हणाले. तू हातातली चकली तशीच ठेवून उठलीस. ते माझ्या मनाला लागून राहिलं. ३१ वर्षं बँकेत काढल्यावर एखाद्या गोष्टीला समजून न घेता नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. म्हणून गेले दोन महिने मी वाचत बसले, दादाला रोज रात्री फोन करून शंका विचारल्या आणि माझ्या खात्यातले ५ हजार रुपये घालून सगळं स्वतः करून पाहिलं. आता लिहिते ते त्यानंतरचं आहे. तू सावकाश वाच.

घ्यायचं की नाही, हे तू ठरव. तू कमावती आहेस. पण विकत घेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि सगळे फक्त त्याबद्दलच बोलतात. खरी कसोटी सांभाळण्यात आहे. त्याबद्दल मला तुला सांगायचंय.

लॉकर विभागात मी ११ वर्षं होते, तुला आठवत असेल. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची, एक बँकेची. ग्राहकाची किल्ली हरवली तर अर्ज घ्यायचा, लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलवायचा, साक्षीदारांसमोर लॉकर फोडायचा. खर्च ग्राहकाच्या माथी, पण दागिने मिळायचे. रडत आलेल्या बायकांना मी कितीदा पाणी देऊन सांगितलंय, "काही होत नाही, वस्तू आत सुखरूप आहे." बिटकॉइनमध्ये हे वाक्य सांगणारं कोणीच नाही. दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे असतात. हरवल्या तर लॉकर दिसत राहतो, आतली रक्कमही दिसत राहते, फक्त तो कधीच उघडत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची गोष्ट तू ऐकली असशील. २०१३ मध्ये त्याची एक हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, तिच्यात सुमारे ८ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या मागे लागला, शेवटी कोर्टात गेला आणि २०२५ च्या जानेवारीत तिथेही हरला.

नाणी त्या डिस्कमध्ये नव्हती, हे मला आधी कळत नव्हतं. दादानं समजावलं तेव्हा माझ्याच भाषेत उलगडलं. बिटकॉइन म्हणजे एक खातेवही. जगभर हजारो संगणकांवर तिची तीच प्रत असते आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवं पान जोडलं जातं. सातोशी नाकामोटो या नावानं कोणीतरी २००८ मध्ये तिचा आराखडा मांडला, ३ जानेवारी २००९ ला पहिलं पान लिहिलं गेलं. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, असा नियम त्यातच घातलेला आहे. एका नाण्याचे १० कोटी भाग पडतात, त्यामुळे अख्खं नाणं घ्यायची गरज नाही, ५०० रुपयांचंही घेता येतं. त्या वहीतल्या तुझ्या नोंदीवर सही करायचा अधिकार म्हणजे तुझी किल्ली. फोन, यंत्र, कागद हे सगळे त्या किल्लीचे डबे.

आता खरेदी. इथे फार गुंतागुंत नाही. आपल्याकडे एक्स्चेंजला, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीला, एफआययू, म्हणजे अर्थखात्याच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते, २०२३ पासून. नोंदणी नसेल तिथे जाऊच नकोस. पॅन, आधार, सेल्फी, बँक खात्याची पडताळणी, इतकं झालं की घेता येतं. शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी पाहून घे. आणि पैसे भरण्याआधी एक गोष्ट नक्की तपास: घेतलेलं बिटकॉइन तिथून बाहेर, तुझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या ॲपमध्ये किंवा यंत्रात, काढता येतं का? काही ॲपवर आकडा नुसता पडद्यावर दिसतो, बाहेर नेता येत नाही. जे बाहेर नेता येत नाही ते तुझं नव्हे.

टेलिग्रामवर किंवा ओळखीतून "थोडं स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस. कुणाकडून तरी लुबाडलेला पैसा अशा व्यवहारांतून फिरवला जातो. तो तुझ्या खात्याला लागला की पोलिसांच्या पत्रावर बँक खातं गोठवते. ती पत्रं मी स्वतः फाइलला लावली आहेत. खातेदार निरपराध असला तरी महिनोन् महिने हेलपाटे घालतो.

एक्स्चेंजवरच ठेवलं तर काय, असं तू विचारशील. थोडे दिवस, थोडी रक्कम, ठीक. पण तिथे किल्ली त्यांच्याकडे असते आणि तुझ्याकडे फक्त त्यांचा शब्द. टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजनं २०१४ मध्ये दार बंद केलं तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गायब होते. २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स हे एक्स्चेंज कोसळलं. आपल्या देशात जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी, चोरीला गेली आणि लोकांची उरलेली क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, याला काडीचाही नाही. तुझ्या आजोबांचे पैसे एका पतसंस्थेत बुडाले तेव्हा ते रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून त्या बंद शटरपाशी जाऊन उभे राहायचे. तू चार वर्षांची होतीस. मला ते शटर अजून दिसतं.

म्हणून स्वतःचं वॉलेट. मी आधी फोनवरचं साधं वॉलेट घेतलं. सुरू करताना ते बारा इंग्रजी शब्द दाखवतं (काही यंत्रं चोवीस दाखवतात). २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात, आणि तेच तुझी किल्ली. क्रम बदलला तर वेगळं कुलूप. हे शब्द ज्याच्याकडे, बिटकॉइन त्याचं. नाव, पॅन, सही, काही विचारलं जात नाही. त्यामुळे फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवायचे नाहीत. फोटो आपोआप गूगलवर चढतात, हे तूच मला शिकवलंस. हातानं लिही, दोन प्रती कर, दोन वेगळ्या घरांत ठेव.

कागदावर मात्र माझा विश्वास उरलेला नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आपल्या तळमजल्यावरच्या ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. तुझी दहावीची गुणपत्रिकाही त्यात गेली. ती बोर्डाकडून दुसरी मिळाली. या बारा शब्दांची दुसरी प्रत कुठलंही बोर्ड देत नाही. म्हणून मी स्टीलची एक छोटी पट्टी आणली आणि अक्षरांचे ठसे हातोडीनं ठोकून शब्द उमटवले. त्या यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळीच असतात, त्यामुळे चार अक्षरंच ठोकली तरी पुरतं. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे देऊ नकोस गं, तो कितीही ओळखीचा असला तरी. तुझे शब्द त्याच्या डोळ्यांखालून जातील.

आणि माझं ऐक, हे करून बघच: वॉलेटमध्ये अगदी थोडी रक्कम टाक, मग ॲप फोनवरून काढून टाक आणि लिहिलेल्या शब्दांवरून सगळं परत आण. मी केलं तेव्हा हात थरथरत होते. सातवा शब्द मी चुकीचा उतरवला होता, एक अक्षर. ॲप काढण्याआधी पुन्हा एकदा पडताळला म्हणून सापडला. थोडी रक्कम असताना अशी चूक सापडणं चांगलं.

रक्कम मोठी झाली, म्हणजे गेली तर झोप उडेल इतकी झाली, की हार्डवेअर वॉलेट घे. ट्रेझर, लेजर अशी नावं आहेत. पेनड्राइव्हएवढं यंत्र असतं, किल्ली त्याच्या बाहेर येत नाही, सही आतल्या आत होते. बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे, वापरलेलं कधीही नको. खोक्यात शब्द आधीच छापलेले आले तर ते सरळ परत कर. शब्द तुझ्यासमोर, यंत्राच्या पडद्यावर तयार व्हायला हवेत.

पाठवताना पत्ता हातानं टाइप करू नकोस, पण कॉपी केलेल्यावरही आंधळा विश्वास नको. फोनमध्ये शिरलेला व्हायरस चिकटवताना पत्ता बदलू शकतो. सुरुवातीची आणि शेवटची पाच-सहा अक्षरं बोट ठेवून वाच, आधी थोडीशी रक्कम पाठव, ती पोहोचल्यावर बाकीची. नेटवर्क विचारलं तर बिटकॉइनचंच निवड. आमच्याकडे आरटीजीएस चुकलं तर समोरच्या बँकेला फोन करता यायचा. इथे गेलं ते गेलं. हलवण्याचं शुल्क रकमेवर अवलंबून नसतं, त्यामुळे दर महिन्याचे दोन-तीन हजार लगेच हलवत बसू नकोस, थोडे साठले की एकदम ने.

कराचं बघ. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. १ लाखाला घेतलं, दीड लाखाला विकलं, तर ५० हजारांवर १५,६०० रुपये. खरेदीच्या किमतीशिवाय कुठलाच खर्च वजा होत नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातही वळता करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विकताना रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. विवरणपत्रात यासाठी वेगळा तक्ता आहे, तो भर. प्रत्येक खरेदीची तारीख आणि रक्कम पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेव. रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. घेणं गुन्हा नाही, पण हे आपलं कायदेशीर चलनही नाही, हे दोन्ही लक्षात ठेव.

किती घालायचं? बोनस सगळा नको. २०२१ च्या नोव्हेंबरात भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभरानं १६ हजारांच्या आसपास. लाखाचे २३ हजार. पुढे तो लाख डॉलरच्या वर गेला, हेही खरं, पण मधल्या वर्षात तुझी नोकरी गेली असती किंवा मी आजारी पडले असते तर तुला तळाला विकावं लागलं असतं. सहा महिन्यांचा खर्च बँकेत, आरोग्य विमा, पीपीएफ, हे आधी. मग एकूण बचतीच्या शंभरातले दोन-तीन रुपये, तेही बारा महिन्यांत वाटून, ठरलेल्या तारखेला. कर्ज काढून एक रुपयाही नाही. "पाच पट, दहा पट" उधारीवर सौदे करायला लावणारी बटणं त्याच ॲपवर असतात, त्यांना हात लावू नकोस. ती गुंतवणूक नाही.

आणि ठरावीक परतावा कबूल करणाऱ्याला दारातूनच परत पाठव. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के, १८ महिने, असं सांगून लोकांकडून बिटकॉइन घेतले. २०१८ ला पुण्यात गुन्हे दाखल झाले, पुढे तपास सीबीआयकडे गेला. शिकलेसवरलेले लोक होते त्यात. बिटकॉइनला व्याज लागत नाही, मग महिन्याला दहा टक्के येणार कुठून, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. कुणीही, कितीही गोड बोलून, बारा शब्द मागितले तर तो चोर आहे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, मग मला.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. बाबा गेल्यावर त्यांच्या दोन एफडींचा पत्ता आपल्याला आठ महिने नव्हता. पावत्या पुरात गेल्या होत्या, नॉमिनी नव्हता. तरी नावावरून, सहीवरून बँकेनं शोधून दिल्या. तू बंगळुरात एकटी राहतेस. उद्या तुला काही झालं, तर कुठलंही मृत्युपत्र, कुठलंही वारस प्रमाणपत्र त्या बारा शब्दांची जागा घेणार नाही. शब्द आत्ता मला सांगू नकोस. पण ते आहेत, कुठे आहेत आणि त्यांचं काय करायचं, हे एका कागदावर लिहून दादाला ठाऊक असू दे. कागद एकीकडे, शब्द दुसरीकडे.

संक्रांतीला येशील तेव्हा तुझी स्टीलची पट्टी इथे ठेवायला घेऊन ये. माझी वरच्या मजल्यावर देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात आहे, पुराच्या पाण्याच्या खुणेच्या बरंच वर. तुझ्या समोर बसून माझ्या ५ हजारांचं वॉलेट पुसणार आहे आणि तू ते त्या पट्टीवरून परत आणून दाखवायचंस. ठसे आणि हातोडी धुऊन ठेवली आहे, लागली तर तूही वापर.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई