नकाशा-स्पर्धांच्या गुणपत्रकात पायपिटीलाही गुण हवेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भौगोलिक माहिती प्रणालीवर, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या जीआयएसवर आधारित विद्यार्थी प्रकल्पांच्या स्पर्धा अलीकडे अनेक महाविद्यालयांतून होऊ लागल्या आहेत. भूगोलाचा शिक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला याचा आनंद आहे. अशाच एका स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बोलावणे आले होते आणि तेथे माझ्या हातून जी चूक झाली, ती माझ्या एकट्याची नसून स्पर्धेच्या गुणपत्रकातच रुजलेली आहे असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आज विद्यार्थ्याच्या हाती जी साधने आहेत, त्यांची आमच्या पिढीला कल्पनाही नव्हती. स्थलदर्शक नकाशाचा एखादा पत्रक महाविद्यालयात असला, तर तो कुलपात असे आणि परीक्षेपुरता बाहेर निघे. उपग्रह प्रतिमा आणि नकाशे दाखवणारे इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ मध्ये खुले झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाने आपल्या स्थापनेच्या अडीचशेव्या वर्षी, २०१७ मध्ये, खुल्या मालिकेतील नकाशे विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्यांचे जुने जोखड बरेचसे उतरवले. क्यूजीआयएससारखी नकाशे तयार करण्याची संगणक प्रणाली फुकट मिळते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी या मोफत, खुल्या संगणक प्रणालींचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पाने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आणि इस्रो यांच्या सहकार्याने घेतलेल्या मॅपेथॉन या नकाशा-स्पर्धेचा पाया हाच होता : मोफत प्रणाली, खुली उपग्रह प्रतिमा आणि संगणकासमोर बसलेला कोणत्याही गावचा विद्यार्थी. साधनांची अडचण अशी बरीच दूर झालेली असताना, त्या साधनांनी केलेल्या कामाची पारख आपण कशी करतो, याचा विचार मात्र मागे राहिला आहे.

मी ज्या स्पर्धेत परीक्षक होतो, तिच्या गुणपत्रकात नकाशाची मांडणी, रंगसंगती, तंत्राचा वापर, सादरीकरण आणि नावीन्य असे रकाने होते. पहिले पारितोषिक एका शहराच्या उन्हाळी तापमानाच्या नकाशाला मिळाले. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या औष्णिक, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या प्रतिमांवरून केलेला तो नकाशा खरोखरच देखणा होता; गडद तांबड्यापासून फिकट पिवळ्यापर्यंतच्या छटा, बोट ठेवताच उघडणारी माहितीची चौकट, सारे काही होते. घरी परतताना मला एक गोष्ट खटकू लागली. त्या नकाशात सर्वांत तापलेला भाग शहराचा नव्हता, तर शहराबाहेरच्या शेतांचा होता, आणि विद्यार्थ्यांनी त्यावरून शहरापेक्षा आसपासची खेडी अधिक उष्ण असल्याचा निष्कर्ष काढला होता. वास्तविक हा उपग्रह आपल्याकडे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातो आणि जे मोजतो ते जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान असते, आपल्या अंगाला लागणाऱ्या हवेचे नव्हे. मे महिन्यात नांगरून पडलेली काळी रानं त्या वेळी सिमेंटच्या वस्तीपेक्षा जास्त तापलेली असणे स्वाभाविक आहे. वस्तीची खरी काहिली रात्री कळते, जेव्हा भिंती दिवसभर साठवलेली उष्णता सोडू लागतात. त्या मुलांपैकी कोणी एकाने जरी साधा तापमापक घेऊन एक संध्याकाळ गावात आणि एक शहरात काढली असती, तर ही चूक नकाशावर जाण्यापूर्वीच लक्षात आली असती. परीक्षकांपैकी आम्हीही कोणी हा प्रश्न विचारला नाही, कारण तो विचारण्यासाठी गुणपत्रकात जागाच नव्हती.

ज्या प्रकल्पाला काहीही मिळाले नाही, तो आमच्याच जिल्ह्यातील नदीकाठच्या एका गावच्या तीन विद्यार्थ्यांचा होता. पुराचे पाणी कोणत्या गल्लीत किती चढते याचा तो नकाशा. या मुलांनी नदीकडच्या आळीतील घरोघरी जाऊन जुन्या माणसांना पुराच्या खुणा विचारल्या, भिंतीवरच्या त्या खुणांची जोत्यापासूनची उंची टेपने मोजली, आणि एका घराच्या जोत्याची दुसऱ्या घराच्या जोत्याशी तुलना करण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी वापरली. प्रत्येक खुणेसमोर ती कोणी दाखवली, कोणत्या वर्षीची सांगितली आणि दुसऱ्या कोणी त्याला दुजोरा दिला का, अशी नोंद त्यांच्या वहीत होती. तंत्राच्या नावाखाली मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश आणि क्यूजीआयएसवर काढलेला एक साधा नकाशा, एवढेच. त्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता आणि प्रमाणपट्टी चुकीच्या जागी होती. मी पाच गुण कापले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, आणि अजूनही मला बाणाशिवायचा नकाशा डोळ्यांना खुपतो. पण वहीसाठी द्यायला माझ्याकडे एकही गुण नव्हता.

त्याच स्पर्धेत आणखी दोन गटांनी पूररेषेचे नकाशे मांडले होते, आणि दोन्ही संगणकावरच तयार झालेले होते. विनामूल्य मिळणाऱ्या उपग्रहीय उंचीच्या आकडेवारीवर त्यांनी पाण्याची पातळी चढवून निळा रंग भरला होता. या आकडेवारीचा एक चौकोन, म्हणजे तिचा सर्वांत लहान तुकडा, ३० मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत जवळजवळ नऊ गुंठे, आणि त्या नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा असतो, ज्यात काही मीटरची चूक गृहीतच धरलेली असते. गल्लीत कमरेइतके पाणी येते की गुडघ्याइतके, हे त्यातून कसे कळणार? सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहाचा चौकोन १० मीटरचा आहे, म्हणजे जवळपास नेमका एक गुंठा. एक गुंठा म्हणजे केवढी जागा हे ज्याला पायाखालून माहीत आहे, त्या मुलाला त्या प्रतिमेत तीन-चार मीटर रुंदीचा नाला धड का दिसत नाही, हे समजावून सांगावे लागत नाही. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांकडे असलेली ही समज या स्पर्धांमध्ये कोठेच मोजली जात नाही याची मला खंत आहे.

मी हिंगणघाटचा. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा, म्हणजे पुढची अंतरे जिच्यावरून गणिताने काढायची ती जमिनीवरची रेषा, मोजून करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आमच्या गावी, हैदराबादहून नागपूरकडे जाताना वारला. त्याची कबर येथे आहे. आयुष्यातील वीस वर्षे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवणाऱ्या त्या माणसाच्या साम्राज्याविषयी माझ्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही, आणि तो थिओडोलाइट वाहून नेणाऱ्या खलाशांची, म्हणजे सर्वेक्षणातील मजुरांची, नावे कोणी लिहून ठेवली नाहीत हेही मी वर्गात सांगत असे. पण रेषा ओढण्याआधी ती जागेवर जाऊन मोजायची, आणि पुढे गेल्यावर नवी पायाभूत रेषा मोजून मागचे गणित तपासायचे, ही शिस्त त्या कामाची होती. आपल्या दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. दहावीच्या मुलाकडून जी अपेक्षा आपण करतो, ती पदवीच्या स्पर्धेत सोडून का द्यावी?

आयोजकांना माझी विनंती अशी आहे की, एकूण गुणांपैकी निदान एक तृतीयांश गुण प्रत्यक्ष जागेवर केलेल्या पडताळणीसाठी ठेवावेत, आणि नकाशासोबत कच्च्या नोंदींची वही किंवा तिची छायाचित्रे, वापरलेल्या प्रतिमेची तारीख, तिच्या चौकोनाचा आकार आणि स्वतःच्या कामातील संभाव्य चुका यांचे एक पानाचे टिपण मागवावे. आपला नकाशा कोठे चुकू शकतो हे जो विद्यार्थी स्वतः लिहितो, त्याचे गुण त्यामुळे वाढले पाहिजेत. आज ते कमी होतील या भीतीने कोणी लिहीत नाही. दुसरे म्हणजे, नकाशावरची नावे मराठीत आणि गावकरी घेतात तशी असावीत. परदेशी नकाशावरून रोमन लिपीतले नाव उचलून ते पुन्हा देवनागरीत आणताना गावांची जी दशा होते, ती मी स्पर्धेच्या दिवशी भिंतींवर लावलेल्या नकाशांत पाहिली. ओढे, पाणंदी, शिवारातील टेकाडे यांची नावे बहुतेक ठिकाणी कोणत्याही छापील नकाशावर नसतात. ती माहीत असलेली माणसे आता सत्तरीपुढची आहेत. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात मराठी नाव वेगळे नोंदवण्याची सोय आहे, तिचा उपयोग स्पर्धेनिमित्ताने सहज होऊ शकेल. शिवाय गावाचा नकाशा ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे सुपूर्द केल्याची पोच जोडली, तर तो निकालानंतर कपाटात जाणार नाही.

पडताळणीला वेळ लागतो, सर्वांना प्रवासखर्च परवडत नाही, मुलींना परक्या गावात फिरणे अवघड जाते, असे आक्षेप एका सहपरीक्षकाने माझ्याशी बोलताना घेतले. ते खोटे नाहीत. मात्र त्यांवरचा उपाय विषय जवळचा निवडण्यात आहे. ज्याला आपली आळी, आपला नाला किंवा आपल्या महाविद्यालयाचा परिसर मोजता येतो, त्याला जिल्हा पालथा घालण्याची सक्ती कशाला? छोट्या जागेच्या नेमक्या नकाशाला मोठ्या जागेच्या ढोबळ नकाशाइतकाच मान मिळाला, तर खर्चाचा प्रश्न पुष्कळसा मिटेल. खोट्या नोंदी करणारेही निघतील, पण दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत त्या पकडणे जुन्या शिक्षकांना मुळीच जड जात नाही.

निकालानंतर काही महिन्यांनी मी त्या नदीकाठच्या गावी गेलो आणि त्या मुलांबरोबर खुणा पाहत आळीतून फिरलो. सर्वांत उंच खूण असलेल्या घराला नुकताच लग्नाचा रंग दिला होता आणि भिंत कोरी होती. आता ती उंची फक्त मुलांच्या वहीत आहे, आणि स्पर्धेच्या आयोजकांकडे ती वही नाही, कारण त्यांनी अंतिम नकाशाखेरीज काही मागितलेच नव्हते.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
हिंगणघाट, जि. वर्धा