पांगाऱ्याचं हे गाणं पुरवणीत येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार. जपानी गाणी म्हणजे कार्टूनची, एवढंच आपल्याकडे छापून येते, पण द बूम बँडचं 1992 चं 'शिमा उता' ऐका एकदा, 1945 मध्ये दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत गुहांमध्ये लपलेली साधी माणसं मेली त्यांच्यासाठी बँडच्या गायकानं, काझुफुमी मियाझावानं ते लिहिलं, त्या लढाईत मेलेल्या शाळकरी मुलींच्या आठवणीतलं तिथलं हिमेयुरी संग्रहालय पाहून आल्यावर. वरून प्रेमगीतच वाटते! सुरुवातीलाच पांगारा फुलते, आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते तोच, अन् वादळ येते, मग उसाच्या शेतात भेट अन् उसाखालीच ताटातूट, म्हणजे जमिनीखालच्या गुहेत. साथीला तीन तारांचं सानशिन. नागपूरचं जपानशी नातं कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिरापुरतंच राहू नये ना साहेब, रविवारच्या पुरवणीत अशा गाण्यांना अर्थासकट जागा द्याच.

— एक वाचक, नागपूर