आठ काढलास, आता ब्रेक शीक

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

आरटीओच्या परीक्षेत पाय न टेकवता गाडीने आठचा आकडा काढलास, ऐकून बरं वाटलं. पण पक्कं लायसन मिळालं म्हणून लगेच रविवारी कराडहून मोटारसायकल काढून कुंभार्ली घाट उतरून येते म्हणतेस, ते मला पटत नाही. तू बोलली होतीस तो नवशिक्यांचा दोन दिवसांचा कोर्स आधी कर गो. फी मी पाठवतो.

आठ काढताना कळतो तो तोल आणि अर्धा क्लच. तेही लागतंच, पण चालत्या गाडीला झटक्यात थांबवायचं कसं, हे त्यात कोण बघतो? ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर जनावर आलं आणि तुझा हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर एसटीच्या दीड लांबीएवढं अंतर ब्रेक न लागताच संपलं. पुढे वेग दुप्पट असेल तर ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. आपल्याकडची पोरं पुढच्या ब्रेकला भितात, नुसता मागचा दाबतात आणि चाक घसरवतात. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते. तो झटक्याने आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. हे मोकळ्या मैदानात, शिकवणारा बाजूला उभा असताना अंगात मुरवून घ्यायचं. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नको. सरळ रस्त्यावर ते चाक अडकू देत नाही, पण वळणावर आडवी झालेली गाडी सावरायला ते पुरं पडेलच असं नाही.

आणि आपल्या वळणांवर काय काय सांडलेलं असतं! चिऱ्याच्या ट्रकमधली लाल भुकटी, मासळीच्या गाडीचं गळलेलं पाणी. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं तेल वर येऊन नुसता साबण होतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. नजर खड्ड्यावर ठेवलीस तर गाडी खड्ड्यातच जाते. जायचंय तिकडे बघ. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे शहाणे तुला भेटतील, त्यांच्या नादी लागू नको. खालच्या गिअरवर उतर, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे.

एसटीचं मात्र मी सांगतो, ते कोर्सवाले सांगतील न सांगतील. नागमोडी वळणावर बसला सगळा रस्ता लागतो. तोंड बाहेर जातं आणि मागचं चाक आतून कापत येतं. त्या आतल्या फटीत डावीकडून घुसणारी पोरं मी नोकरी संपेपर्यंत बघत आलो. अगदी खेटून असलेला माणूस ड्रायव्हरला आरशात दिसत नाही आणि हॉर्न इंजिनच्या आवाजात ऐकूही येत नाही.

हेल्मेट आयएसआयचं घे, आयएस ४१५१ छापलेलं. पट्टी हनुवटीखाली आवळून लाव.

आईला मोटारसायकलवरून येण्याचं अजून बोललेलो नाही. तिच्या हिशेबाने तू बसनेच येणार आहेस, तेव्हा या रविवारी तेवढं खरं कर. चिपळूणची गाडी पकड, डावीकडची मागच्या चाकाजवळची खिडकी धर आणि घाटात ते चाक किती आत येतं ते बघून ये.

तुझे,
बाबा