भाऊसाहेब, तुमच्या त्या तीन ओळींसाठी

आदरणीय भाऊसाहेब,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, अभ्यास कर, वेळेवर जेव" म्हणता आणि फोन ठेवून देता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या त्या खिडकीच्या आत बसून तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते इतरांनाही कळायला हवं.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती जानेवारी २०२५ मध्ये, डोळे सुजवूनच. आदल्या दिवशी परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका ऑफिसात पप्पा आणि मी दोन तास बसलो होतो. तिथल्या माणसानं माझी गुणपत्रिका पाहिली, कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं आणि म्हणाला, ७.३ सीजीपीएला, म्हणजे दहापैकी ७.३ सरासरी श्रेणीला, जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात कुणी विचारणार नाही, खासगी कॉलेज बघू. फीचा आकडा ऐकून पप्पा गप्प झाले. परतताना एसटीत ते एकच वाक्य बोलले, "लेथ विकून भागत असेल तर विकू." वीस वर्षं त्या लेथवर आमचं घर चाललंय, भाऊसाहेब.

मी तुमच्याकडे फक्त ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज द्यायला आले होते. तुम्ही अर्ज बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "काय झालं?" दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या मुलीला असं कोण विचारतं?

मग तुम्ही कागदावर गणित मांडायला लावलंत. जर्मनीत आपल्या उलट असतं, १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यांच्या पद्धतीत आणायला त्यांचं एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. कमाल श्रेणीतून तुमची श्रेणी वजा करायची, आलेल्या उत्तराला कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणीतल्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं, एक मिळवायचा. त्या माणसानं किमान उत्तीर्ण श्रेणी ५ धरली होती. उत्तर येतं २.६२. मी पाहिलेल्या अभ्यासक्रमांची अट होती जास्तीत जास्त २.५.

"पाच कुठनं आणलं त्यानं?" तुम्ही म्हणालात. "आपल्या ऑर्डिनन्समध्ये, परीक्षेच्या नियमांत, चार आहे. मीच टाईप केलंय ते." चार धरून पुन्हा मांडलं, तर २.३५.

माझी गुणपत्रिका तीच होती, गुण तेच होते. गुणपत्रिकेवर कमाल श्रेणी १० छापलेली असते, किमान कुठेच नसते. त्या एका न छापलेल्या आकड्यापायी पप्पा लेथ विकायला निघाले होते. तुम्ही त्याच दुपारी तीन ओळींचं पत्र तयार केलंत: आमच्या संस्थेत कमाल श्रेणी १०, किमान उत्तीर्ण श्रेणी ४, मागणीवरून हे प्रमाणित करण्यात येते. परीक्षा नियंत्रक सर मीटिंगमध्ये होते. सही होईपर्यंत तुम्ही त्यांच्या केबिनबाहेर उभे राहिलात. गुडघा दुखत असताना.

नावाचा घोळही तुमच्याच नजरेला पडला. तिसऱ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावातल्या 'व'ला इंग्रजीत व्ही होता, पासपोर्टवर आणि बाकी सगळीकडे डब्ल्यू. मी चार वर्षं ती गुणपत्रिका जवळ बाळगून होते, मला कधी दिसलं नव्हतं. तुम्ही रेकॉर्ड रूममधून प्रवेशाचं रजिस्टर काढलंत, चूक ऑफिसची आहे हे दाखवलंत आणि दुरुस्त गुणपत्रिका मला खेटे न घालायला लावता मिळवून दिलीत. तेव्हापासून तुम्ही मला "डब्ल्यूवाली" म्हणता. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या व्हिसासाठी दिल्लीच्या एपीएस या शैक्षणिक तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ते कागदपत्रं तपासतात आणि त्याची फी १८,००० रुपये. ती भरल्यावर नावापायी फाईल अडकली असती तर? मी आजही तो विचार पुढे नेत नाही.

आणि अभ्यासक्रमाची ती पानं! आठ सेमिस्टरचा सिलॅबस, १४० पानं, प्रत्येकावर गोल शिक्का आणि सही. पॅड सुकलं होतं. तुम्ही शाईची बाटली तिरकी धरून कोपऱ्यात थेंब सोडलेत, बोटानं पसरवलेत, आणि शिक्का मारताना प्रत्येक वेळी तो फिरवून सरळ करून घेतलात. मी म्हटलं, वाकडा आला तरी चालेल. तुम्ही म्हणालात, "परक्या देशात जायचाय कागद. सरळच जाऊ दे." मधल्या सुट्टीत डबा उघडून अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवलीत. संध्याकाळी तुमचा अंगठा निळा झाला होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. युनि-असिस्ट या जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज घेणाऱ्या संस्थेमधून अर्ज केले, पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. तुम्ही १५ जुलै ही अर्जाची शेवटची तारीख तुमच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली होती, आणि स्वतः ३१ मेला निवृत्त होणार होता. व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी ११,९०४ युरो, म्हणजे जवळपास बारा लाख रुपये, उभे करताना पप्पा पुन्हा डगमगले. त्या रविवारी तुम्ही घरी आलात. आजी म्हणाली, पोरगी एकटी एवढ्या लांब. तुम्ही तिला सांगितलंत की इरावतीबाई कर्वे शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनला शिकायला गेल्या होत्या, बोटीनं. आणि पप्पांना समजावलंत की तो पैसा खर्च होऊन जात नाही, पोरीच्याच नावावर राहतो आणि महिन्याला ९९२ युरो असा तिलाच मिळतो, खाण्याराहण्याला. एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मी जर्मनीतल्या केम्निट्झमध्ये आहे. शिकवणीची फी नाही, सेमिस्टरचे ठरावीक पैसे तेवढे भरायचे. लेथ जागेवर आहे, पप्पा रोज सकाळी आठला सुरू करतात.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. ऑक्टोबरमध्ये प्रवेशाची मूळ कागदपत्रं दाखवायला गेले, तेव्हा तिथल्या बाई तुमच्या पानांवरून भराभर हात फिरवत होत्या. एका पानावर थांबल्या. शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, ही कुठली लिपी? मी म्हटलं, देवनागरी, भाषा मराठी. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी गोलाकार फिरत कॉलेजचं नाव, मग गाव, तालुका, जिल्हा असं सगळं मोठ्यानं वाचलं. त्या हसल्या, गठ्ठा दोन्ही हातांनी नीट जुळवून परत दिला. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

आपल्या कॉलेजमधून या वर्षी दोघीजणी अर्ज करतायत. मी त्यांना म्हटलंय, कुठल्याही सल्लागाराकडे पैसे भरण्याआधी परीक्षा विभागात जा, श्रेणीपद्धतीचं पत्र मागा आणि सगळ्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून स्वतःचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. तुमच्या जागी आलेल्या ताईंना तुम्ही ते तीन ओळींचं पत्र नमुना म्हणून देऊन ठेवलंय, हे त्यातल्या एकीकडून कळलं. मला त्याचं किती बरं वाटलं, काय सांगू.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? काकूंना सांगा, चटणीची पुडी अजून पुरवून खातेय. मार्चच्या सुट्टीत यायचं जमतंय का बघते, आले तर आधी तुमच्याकडे येईन.

तुमची,
डब्ल्यूवाली