वर्गणीचे 300 रुपये जादा घेतल्याबाबत तक्रार

दि. 18 जून 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : अ‍ॅपमधून भरलेली वार्षिक वर्गणी वेबसाइटपेक्षा 300 रुपयांनी महाग असल्याबाबत

महोदय,

आईला सत्तराव्या वर्षी पेटी शिकायची हौस आली, म्हणून 2 जूनला मी तिच्या अँड्रॉइड फोनवर तुमच्या अ‍ॅपमधूनच वर्षाची वर्गणी भरली. रुपये 1,299. आठवड्याभराने तुमची वेबसाइट पाहिली, तर तेच धडे, तेवढीच मुदत आणि किंमत 999. विचारणा केल्यावर ग्राहक सेवेकडून एका ओळीचे उत्तर आले, ‘स्टोअर 30 टक्के कापते.’

हे उत्तर मला मान्य नाही. हे स्टोअर म्हणजे गूगल प्ले, आणि त्याने वर्गणीवरचे कमिशन 1 जानेवारी 2022 पासून 15 टक्क्यांवर आणले आहे. 1,299 मधून 18 टक्के जीएसटी बाजूला काढला तर सुमारे 1,101 रुपये उरतात, त्यावर 15 टक्के म्हणजे 165. तुम्ही मात्र 300 च्या फरकातला जीएसटी सोडून 254 रुपये वाढवलेत. वरचे 89 रुपये कशाचे?

कमिशन घेतात याबद्दल माझी तक्रार नाही. आईसारखीला स्टोअर सोयीचे पडते. कार्डाचा नंबर दहा ठिकाणी द्यावा लागत नाही, आणि वर्गणी थांबवायची तर ती कुठे थांबवायची हे लगेच सापडते. त्या सोयीचे 165 रुपये मी दिलेही असते. पण दोन्ही किमती समोर ठेवल्या असत्या तर! स्टोअरचे नियम आड येतात म्हणाल, तर भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑक्टोबर 2022 च्या आदेशात गूगलला सांगितले होते की, अ‍ॅपवाल्यांना ग्राहकांशी बोलण्यापासून, आपल्या योजना त्यांना सांगण्यापासून अडवू नका. तेही राहू द्या. नोंदणी केल्यापासून आईला तुमच्या आठ ईमेल आल्या. रागांची माहिती आली, सणाच्या शुभेच्छा आल्या. वेबसाइटवरच्या 999 चा उल्लेख एकीतही नाही.

आई रोज संध्याकाळी भूप घेऊन बसते, तेव्हा वर्गणी बंद करायची नाही. फरकाचे 300 रुपये परत करावेत आणि पैसे भरण्याआधी वेबसाइटची किंमत ग्राहकाला कळेल अशी सोय करावी. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे महिन्याभरात निवारण झाले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवीन.

सोबत : पावती व वेबसाइटचा स्क्रीनशॉट

आपली,
एक वर्गणीदार