व्हॉल्व्ह बदलण्याआधी मीटर लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरच्या घरी व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या निर्वात नळ्या) वापरून ॲम्प्लिफायर तयार करण्याच्या छंदाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. आयुष्याची चाळीस वर्षे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि मंडपातल्या लाउडस्पीकरची यंत्रे दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला, आजची मुले ईसीसी८३ आणि ईएल८४ ही व्हॉल्व्हची नावे उच्चारू लागली आहेत हे वाचून बरे वाटणे स्वाभाविक आहे. लेखाची भाषा रसाळ आहे आणि काचेतल्या तांबूस उजेडाचे वर्णनही यथार्थ आहे. तथापि लेखाच्या शेवटी, यंत्र चालले नाही तर प्रथम व्हॉल्व्ह बदलून पाहावा असा जो सल्ला दिला आहे, तो नवशिक्याच्या खिशाला महाग पडणारा आणि प्रसंगी जिवावर बेतणारा असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

व्हॉल्व्हवर सर्वांचा पहिला संशय जातो याचे कारण सरळ आहे. तो नजरेत भरतो, सॉकेटमधून सहज उपटता येतो आणि त्याच्या जागी दुसरा बसवायला सोल्डरिंगची गरज लागत नाही. माझा अनुभव मात्र असा की, नव्याने जोडलेल्या यंत्रात दोष बहुधा जोडणीत असतो, त्याखालोखाल जुन्या रेडिओतून काढून वापरलेल्या सुट्या भागांत असतो, आणि व्हॉल्व्हचा क्रमांक पुष्कळ खाली लागतो. वर्षानुवर्षे चालत आलेला रेडिओ एके दिवशी मुका झाला तर व्हॉल्व्ह संपला असेल असे मानता येते. जे यंत्र जन्मापासून एकदाही बोललेले नाही, त्याला तो न्याय लावता येत नाही.

तपासणीकडे वळण्यापूर्वी लेखात राहून गेलेली एक गोष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. आजची मुले ५ आणि १२ व्होल्टांवर चालणाऱ्या मंडलांवर हात बसवून आलेली असतात. चालू मंडलात बोट घालून कोणता भाग तापला आहे हे पाहण्याची त्यांना सवय असते आणि त्या जगात ती सवय खपूनही जाते. व्हॉल्व्हच्या यंत्रात त्याच ठिकाणी ३०० व्होल्टांचा डीसी असतो. इतकेच नव्हे, तर प्लग काढल्यानंतरही तो पुरवठ्याच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दबा धरून बसलेला असतो. म्हणून ज्याला आम्ही एच.टी. (हाय टेन्शन) म्हणतो त्या लाइनपासून चॅसिसपर्यंत, म्हणजे यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, १०० किलो-ओहम, २ वॅटचा एक रेझिस्टन्स कायमचा जोडून ठेवावा. ४७ मायक्रोफॅरॅडचे दोन कंडेन्सर असतील तर साधारण एका मिनिटात ते रिकामे होतात. तरीही हात घालण्यापूर्वी मीटर लावून खात्री करावी, कारण तो रेझिस्टन्सच सुटलेला असू शकतो. चालू यंत्रात मोजमाप करताना मीटरची काळी पिन क्रोकोडाइल क्लिपने चॅसिसला अडकवून टाकावी आणि एकच हात वापरावा. दुसरा हात पाठीमागे ठेवावा किंवा खिशात घालावा. आमच्या उस्तादांनी हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले होते, तेही एक सणसणीत धक्का बसू दिल्यानंतर. ती शिकवण्याची पद्धत मी कोणाला सुचवणार नाही.

नवे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ते थेट भिंतीतल्या प्लगला लावू नये. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात पूर्वी सिरीज बोर्ड असे, म्हणजे यंत्राच्या एका तारेत ६० वॅटचा साधा, तारेचा बल्ब. यंत्र लावताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, आणि भगभगीत पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. एलईडी दिव्याने हे काम होत नाही आणि तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, म्हणून दिसतील तेथे दोन घेऊन ठेवावेत. मात्र सिरीजमध्ये यंत्राला पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळत नसल्याने व्होल्टेजची खरी मोजमापे बल्ब काढल्यावरच घ्यावीत. स्पीकर किंवा त्याच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टन्स जोडल्याशिवाय आवाज तर मुळीच सोडू नये. तसे केल्यास व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडते, आणि त्या यंत्रात व्हॉल्व्हहूनही दुर्मीळ कोणती वस्तू असेल तर ती हा ट्रान्सफॉर्मर.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण देतो. आमच्या शेजारची एक मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आहे. तिने ईसीसी८३चा अर्धा भाग (त्याच्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात) आणि एक ईएल८४ वापरून पाच वॅटांच्या आसपासचा ॲम्प्लिफायर जोडला. सुरू केल्यावर दोन मिनिटांत ईएल८४ची प्लेट, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणारा आतला पत्रा, मध्यभागी लाल होऊ लागे, आणि आवाज फाटका, घसा बसल्यासारखा येई. आपल्या लेखातला सल्ला तिने लेख येण्यापूर्वीच अमलात आणला होता. पुण्याला जाऊन तिने पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एक ईएल८४ आणला, तोही लाल झाला. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसरा मागवला, त्याचीही तीच गत झाली. तिसरा विकत घेण्याआधी ती यंत्र घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, मला तिन्ही व्हॉल्व्ह खराबच मिळाले का हो?"

मी तिला फक्त दोन जागी मीटर लावायला सांगितले. पहिली जागा व्हॉल्व्हचा तिसरा पाय, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड. तेथे १५० ओहमचा रेझिस्टन्स होता आणि मीटरने १३ व्होल्ट दाखवले. भागाकार करा: ८७ मिलिॲम्पिअर. या व्हॉल्व्हने २५० व्होल्टांवर प्लेट आणि स्क्रीन (आतली दुसरी जाळी) मिळून सुमारे ५३ मिलिॲम्पिअर घ्यावेत असे त्याच्या तक्त्यात दिलेले असते, म्हणजे त्याच रेझिस्टन्सवर ८ व्होल्टांच्या आसपास दिसायला हवे होते. प्लेटने जास्तीत जास्त १२ वॅटची उष्णता सोसावी अशी मर्यादा असताना येथे ती १७ वॅटच्या घरात गेली होती. अशा स्थितीत प्लेट लाल न होती तरच नवल. दुसरी जागा दुसरा पाय, म्हणजे प्रवाह आवरणारी जाळी, ग्रिड. आवाज नसताना तेथे शून्य असायला हवे. मीटरने धन (+) साडेआठ व्होल्ट दाखवले.

ग्रिडवर असा धन दाब दिसला की प्रामुख्याने दोनच शक्यता उरतात. एक तर आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आवाजाचा संकेत पुढे नेणारा जोड-कंडेन्सर गळत, म्हणजे डीसीही पुढे सोडत, असेल, नाहीतर ईएल८४मध्येच हवा शिरून त्याची निर्वात पोकळी बिघडली असेल. या दोन्हींचा निवाडा करायला नवा व्हॉल्व्ह लागत नाही. यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री करून, जोड-कंडेन्सरचा एक पाय मोकळा करावा, ग्रिडपासून चॅसिसला जाणारा रेझिस्टन्स तसाच ठेवावा, आणि पुन्हा सुरू करून तीच मोजमापे घ्यावीत. दाब नाहीसा झाला तर कंडेन्सर दोषी. टिकून राहिला तर व्हॉल्व्ह दोषी. तिच्या यंत्रात कंडेन्सरचा पाय सुटताच ग्रिड शून्यावर आली, कॅथोड ८ व्होल्टांवर उतरला आणि प्लेटची लाली गेली. तिन्ही व्हॉल्व्ह पाळीपाळीने लावून पाहिले. तिन्ही ठणठणीत होते.

तो कंडेन्सर तिने आजीच्या माळ्यावरच्या रेडिओतून काढला होता: तपकिरी, मेणात बुडवलेला, कागदी. व्हॉल्व्हच्या यंत्रात त्या काळातलाच भाग शोभेल अशी तिची कल्पना होती, आणि या छंदात पडलेल्या पुष्कळांची ती असते. ती साफ चुकीची आहे. कागदी कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांत ओल धरतात आणि गळू लागतात. मीटरच्या ओहमवर तो चांगला दिसला असे ती म्हणत होती आणि ते खरेही होते, कारण मीटर दोन-चार व्होल्टांवर तपासतो आणि यंत्रात त्याच्यावर दीडशे व्होल्ट येतात. त्या जागी आजच्या बनावटीचा ६३० व्होल्टांचा प्लास्टिक फिल्मचा कंडेन्सर टाकला आणि यंत्र गाऊ लागले. त्या कंडेन्सरची किंमत एका चहाहून फारशी अधिक नव्हती. दोन ईएल८४ची तिच्या वडिलांना विचारावी.

यंत्र गाऊ लागले खरे, पण पाठीमागे तंबोरा लागावा तशी घूंघूं चालू होती. या हमिंगचेही निदान नुसत्या कानाने बरेचसे होते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि पूर्ण तरंग सरळ करणाऱ्या (एसीचा डीसी करणाऱ्या) पुरवठ्यातून उरणारी लहर १०० हर्ट्झची. या दोहोंत बरोबर एका सप्तकाचा फरक असल्यामुळे खर्ज ओळखणाऱ्या कानाला तो चटकन कळतो. वरचा सूर ऐकू आला तर पुरवठ्याचे कंडेन्सर पाहावेत, खालचा आला तर फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तंतूच्या) तारा आणि इनपुटची वायर. तिच्या यंत्रात सूर खालचा होता, आणि ईसीसी८३ काढून ठेवल्यावर तो बंद होत होता, म्हणजे दोष त्या व्हॉल्व्हपाशी किंवा त्याच्याही आधी होता. पाहिले तर ६.३ व्होल्टांच्या दोन्ही तारा तिने एकमेकींपासून दूर, टापटिपीने दोन कडांनी नेल्या होत्या आणि त्यांतील एकही चॅसिसला कोठेच बांधलेली नव्हती. दोन्ही तारांना एकमेकींभोवती घट्ट पीळ दिला, प्रत्येकीपासून चॅसिसला १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स जोडला, आणि घूंघूं जवळजवळ नाहीशी झाली. जी थोडी उरली ती मुख्य ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेने शेजारी-शेजारी बसवल्यामुळे होती. त्यातला एक काटकोनात फिरवावा लागला आणि त्यासाठी पत्र्याला नवी भोके पाडावी लागली, हे तिला फारसे रुचले नाही.

पुढे फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश मागे नेणारी, तार जोडताच यंत्राने कर्णकर्कश शीळ घातली, तेव्हा ती पुरती घाबरली होती. हा दोष नव्हेच. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडील दोन तारांची अदलाबदल करून त्यातली दुसरी चॅसिसला जोडली की शीळ थांबते.

आता आपल्या लेखासोबत छापलेल्या आकृतीविषयी. तिच्यात ईएल८४च्या सॉकेटचे पाय वरून पाहून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १ ते ९ असे मोजलेले दिसतात. रूढ पद्धतीत हे पाय खालून पाहून, म्हणजे जेथे आपण सोल्डरिंग करतो त्या बाजूने, मोकळ्या फटीपासून त्या दिशेने मोजतात. वरून तसे मोजले तर सगळे आरशातल्यासारखे उलटते: १च्या जागी ९, २च्या जागी ८, आणि सातव्या पायाला द्यायचा प्लेटचा दाब जातो तिसऱ्याला, म्हणजे थेट कॅथोडला. फिलामेंटची एक तार चौथ्याऐवजी सहाव्या पायावर जाऊन पडते, त्यामुळे व्हॉल्व्ह पेटतच नाही, आणि वाचक पुन्हा आपल्या सल्ल्याप्रमाणे नवा व्हॉल्व्ह आणायला निघतो. त्याच आकृतीत ईसीसी८३च्या चौथ्या व पाचव्या पायांना थेट ६.३ व्होल्ट दिले आहेत. ते दोन पाय १२.६ व्होल्टांसाठी आहेत, ६.३ द्यायचे असतील तर ४ आणि ५ एकत्र जोडून एक तार त्यांना आणि दुसरी नवव्या पायाला द्यावी लागते. अन्यथा फिलामेंट अर्ध्या दाबावर जेमतेम मिणमिणते आणि आवाज क्षीण येतो.

लेखकाने ही आकृती खोडसाळपणाने दिली असे मी मुळीच म्हणत नाही. चित्रकाराच्या हातून ती पालटली गेली असण्याचा संभव आहे. परंतु गेल्या आठवड्यात दोन अनोळखी तरुण आपल्या पुरवणीचे ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन माझ्या दारात आले होते, आणि दोघांच्याही यंत्रांचा दोष तोच होता. त्यांतल्या एकाच्या घरच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तारच नव्हती. तीन पिनांचा प्लग होता, पण तिसरे भोक नुसते शोभेचे. उघड्या पत्र्याच्या चॅसिसवर असे यंत्र चालवू नकोस, आधी वायरमनला बोलाव, असे सांगून मी त्याला परत पाठवले आहे. येत्या रविवारी आकृती दुरुस्त करून पुन्हा छापावी, आणि कंडेन्सर रिकामे करण्याची व अर्थिंगची सूचना तिच्या शेजारीच ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती. आकृती छापण्यापूर्वी कोणाकडून तपासून घ्यायची असल्यास ते काम मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त रेडिओ-दुरुस्ती कारागीर, सातारा