मांजरेच्या काठातली हाडं वाचवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

वाळूघाटावर दगडी हाड दिसलं की उपसा थांबवून पंचनामा होईल, असा शब्द आम्हाला मिळाला होता. या महिन्यात मराठवाड्यातल्या मांजरा नदीच्या काठातून हत्तीची जीवाश्म दाढ जेसीबीनं उपटली. पंचनामा नाही. वर फेव्हिकॉल फासून ती उन्हात ठेवली आणि तिच्या पट्ट्या सुटल्या.

त्या सुटणारच होत्या. हत्तीची दाढ म्हणजे एनॅमलच्या उभ्या पट्ट्यांची चळत. ओल्या गाळातून निघालेली दाढ झपाट्यानं वाळली की पट्ट्या एकमेकींपासून अलग होतात. वरून फेव्हिकॉल दिला तर ओल आत कोंडते. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती सावलीत सावकाश वाळवायची, पुरती वाळल्यावरच अ‍ॅसिटोनमध्ये ५ ते १० टक्के पॅरालॉइड बी-७२ (हाडं घट्ट करणारं अ‍ॅक्रिलिक रेझिन) विरघळवून ब्रशनं लावायचं. मोठं हाड असेल तर भोवतीच्या गाळासकट उचलावं लागतं: आधी ओला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू लावायचा राहून गेला की प्लास्टर हाडालाच धरतं.

त्याही आधी थराची नोंद हवी. पात्रापासून उंची, हाडाची दिशा, मोजपट्टीसह फोटो. उजेड न लागलेल्या वाळूच्या कणांवरून थराचं वय काढता येतं, म्हणून लोखंडी नळी काठात ठोकून नमुना घेतात. हायवा ट्रकमध्ये पडलेल्या हाडाचा थर कुणाला विचारायचा?

वर त्या दाढेला ‘डायनासोर’ म्हणून चिठ्ठी! डायनासोर क्रिटेशस काळाच्या शेवटी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. चंद्रपूरच्या पिसदुऱ्याला लॅमेटा नावाच्या क्रिटेशस थरांत त्यांची हाडं मिळतात. आपला काळा पाषाणच सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. मांजरेच्या गाळातले हत्ती, पाणघोडे, रानबैल त्याच्या कितीतरी नंतरचे, प्लाइस्टोसीनचे, म्हणजे गेल्या सुमारे २६ लाख वर्षांतल्या हिमयुगांच्या काळातले.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या बिग ब्रुक ओढ्यात क्रिटेशसमधले शार्कचे दात सापडतात. तिथं काठ खणायला बंदी आहे आणि माणशी दिवसाला ५ जीवाश्मच नेता येतात. आमच्याकडे ब्रास मोजला जातो, स्वामित्वधन वसूल होतं, पण हाडासाठी एका कागदावर रकाना नाही. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि तोवर काठ विकला जातो. मराठवाड्याचं पाणी गेलं, वाळू गेली, आता इतिहासही ट्रकनं चाललाय. हे सहन होत नाही.

लिलावाच्या अटींतच लिहा: हाड दिसलं की त्या जागेचा उपसा बंद. प्रत्येक नदीकाठच्या तालुक्यात एक शिकवलेला माणूस, प्लास्टर आणि पॅरालॉइड ठेवा. पुढच्या लिलावाची जाहिरात निघण्याआधी हा आदेश काढा.

आपले,
मांजराकाठचे जीवाश्म अभ्यासक